कपाटाची चौथी बदली

शेजारी सामानाचा ट्रक आला की कुंपणाशी जाऊन उभं राहू नये, असं आमचे हे सांगायचे. सामान म्हणजे माणसाची झाकली मूठ. ती रस्त्यावर उघडी पडते तेव्हा बघणाऱ्याने मान फिरवावी. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, मान फिरवणं काही मला जमलं नाही. त्यातून आमचं कुंपण मेंदीचं, आणि ती मेंदी नेमकी मधोमध वाळलेली. एवढी खिडकी देवानेच करून दिल्यावर बघायचं नाही म्हणजे काय?

तिलवाऱ्याला तसं ट्रकचं अप्रूप नाही. नागपूरचा रस्ता इथेच नर्मदा ओलांडतो, त्यामुळे रात्रभर पुलाकडून घरघर चालू असते. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक ट्रक आमच्या गल्लीत वळला आणि शेजारच्या भाभीजींच्या फाटकाशी थांबला. त्यांचा वरचा मजला सहा महिने रिकामा होता. चार पोरं खाली उतरली. एक दुसऱ्यावर ओरडला, "काय बड्डे, संभाल के!" जबलपुरात हे ‘बड्डे’ ऐकलं की समजावं, आता काहीतरी पडणार. आणि पडलंच. गोधडीत गुंडाळलेली एक उंच पांढरी फळी पायरीवर टेकली आणि खालचा कोपरा फुटला.

लाकूड फुटलं तर ढलपा निघतो. हे तसं नव्हतं. कोरडा पडलेला रव्याचा लाडू जसा बोट लावताच बसतो, तसा तो कोपरा बसला आणि पायरीवर मूठभर भुसा सांडला. मागून एक तिशी-पस्तिशीची बाई आली, हातात मनीप्लांटची बरणी. भुश्याकडे बघून, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, "झालं. ह्या खेपेला डावा."

मराठीत! जबलपुरात मराठी माणसं काही कमी नाहीत. गोलबाजारात दत्ताच्या देवळात गुरुवारी गेलं तर चपला ठेवायला जागा मिळत नाही. पण कुंपणाला लागून मराठी शेजार मला वीस वर्षांनी मिळत होता. मेंदीच्या खिंडारातून मी म्हटलं, "अगं, उजवा कधी फुटला?"

"कोट्याला," ती म्हणाली, आणि मग हसली. ओळख झाली.

*

माहेर भुसावळचं, सासरही भुसावळचं, म्हणजे दोन्हीकडून रेल्वे. नवरा पश्चिम मध्य रेल्वेत. ह्या रेल्वेचं मुख्यालय 2003 पासून आमच्या जबलपुरात, आणि विभाग तीन: जबलपूर, भोपाळ, कोटा. म्हणजे नोकरी एका रेल्वेची, पण ऊन-पाणी तीन प्रकारचं. भोपाळला संसार मांडला, तिथून कोटा, कोट्याहून इटारसी, इटारसीहून इथे. क्वार्टर अजून रिकामं झालं नव्हतं, म्हणून तात्पुरता भाभीजींचा वरचा मजला.

"म्हणजे इथूनही हलायचंच आहे?"

"दोन-तीन महिन्यांत. काकू, मला माझी काळजी नाही हो. मी चार पिशव्यांत मावते. काळजी ह्या कपाटाची आहे."

कपाट भोपाळला असताना घरबसल्या मागवलेलं. तीन दारांचं, कडेच्या दाराला आरसा. सोबत टीव्हीचं युनिट, पोरीचं अभ्यासाचं टेबल आणि एक पुस्तकांचा घोडा. सगळं चपट्या खोक्यांतून आलं आणि दोन माणसांनी तीन तासांत उभं करून दिलं. विकणाऱ्याने फोनवर सांगितलं होतं, "मॅडम, बदलीवाल्यांसाठीच बनवलंय. उघडा, न्या, जोडा." दुकानाचं नाव तिने मला सांगितलं, पण ते तुम्हाला सांगून काय करायचं? असं सगळेच सांगतात.

"आणि खरंच, पहिल्यांदा छान जमलं," ती म्हणाली. "कोट्याला जोडलं तेव्हा मी यांना म्हटलं, बघा, किती सोय आहे. दार जरा वाकडं लागत होतं इतकंच. इटारसीला जोडलं तेव्हा दोन दारं वाकडी आणि कपाट हात लावला की डोलायचं. आता इथे तर मला खोकीच उघडायची नाहीत."

दुसऱ्या दिवशी मात्र उघडावी लागली. साड्या किती दिवस गाठोड्यात ठेवणार? जोडायला आलेला पोरगा अर्ध्या तासात हात टेकून निघून गेला. तिची हाक आली, "काकू, तुमच्या ओळखीचा कुणी सुतार आहे का?"

*

आमचा मिस्त्री गढ्याचा. वय माझ्याएवढंच, कानामागे पेन्सिल. ह्यांच्या वेळेपासूनचा माणूस, त्यामुळे त्याच्याशी बोलायला मला वर जावंच लागलं, असं मी भाभीजींना सांगितलं.

मिस्त्रीने कपाटाची एक फळी भिंतीला उभी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि भोकात करंगळी घालून बाहेर काढली. करंगळीला पीठ. ते त्याने मला दाखवलं, जशी वैद्याने रोग्याची जीभ दाखवावी. म्हणाला, "माताजी, ये लकडी थोडी है। बुरादा है, दबाया हुआ।"

त्याचं म्हणणं मी माझ्या भाषेत सांगते. ह्या कपाटाचे सगळे सांधे मिनीफिक्सवर. एका फळीत डोकं असलेला स्क्रू रुतवलेला असतो. समोरच्या फळीत अंगठ्याच्या नखाएवढी जस्ताची चकती. स्क्रूचं डोकं चकतीच्या तोंडात जातं, पेचकसाने अर्धा फेरा दिला की चकती ते डोकं आत ओढते आणि दोन फळ्या एकमेकींना घट्ट भिडतात. युक्ती सुरेख आहे, मी स्वतः फिरवून पाहिली, हाताला ती ओढ कळते. धातू धातूला धरतो तिथवर भांडण नाही. भांडण त्या स्क्रूच्या दुसऱ्या टोकाचं आहे. ते टोक पार्टिकल बोर्डात आहे. लाकडाचा बारीक चुरा सरसात कालवून, उष्णतेखाली दाबून केलेली ही फळी. तिला रेषा नाही, धागा नाही. स्क्रू पहिल्यांदा जातो तेव्हा त्याचे आटे त्या चुऱ्यात आपली वाट कोरतात. काढताना थोडं पीठ घेऊन बाहेर येतात. पुन्हा घालताना माणूस घाई करतो, आटे जुनी वाट सोडून नवी कोरतात, आणि दोन वाटांमधली भिंत ढासळते. तिसऱ्या खेपेला स्क्रू नुसता फिरतो. फिरतो, फिरतो, आपल्याला वाटतं बसला.

मग मिस्त्रीने एक गंमत दाखवली. दुसऱ्या एका बऱ्या भोकात स्क्रू ठेवून तो आधी उलटा फिरवला, हलकेच. एका जागी तो टक् करून किंचित खाली बसला. "मिल गया पुराना रास्ता।" मग सुलटा फिरवला. लोण्यात गेल्यासारखा गेला आणि घट्ट बसला. आम्ही दोघींनी आळीपाळीने करून पाहिलं. तो टक् बोटांना कळतो, कानाला नाही. शेजारीण म्हणाली, "हे मला भोपाळलाच कुणी सांगितलं असतं तर!"

"आणि खरं म्हणजे," मिस्त्री म्हणाला, "हे स्क्रू काढायचेच कशाला?" कपाट उकलायचं तर फक्त चकत्या उलट्या फिरवायच्या, फळ्या सुटतात, स्क्रू आपापल्या फळीत राहतात. बरोबर आहे त्याचं. पण फळीतून बाहेर आलेले हे खुंट ट्रकमध्ये रचताना दुसऱ्या फळीत घुसतात, गोधडीत अडकतात, म्हणून सामान नेणारी पोरं आधी तेच उपटतात. काही तर चकती न फिरवताच फळीला हातोडी घालतात, म्हणजे स्क्रू निघतो तो भोवतालचा खळगा घेऊनच. तिच्या कपाटात असे पाच खळगे होते. मी मोजले. कोट्याला उपटलेले कोणते आणि इटारसीला कोणते, हेही ती सांगू शकत होती. बाईला आपल्या कपाटाच्या जखमा तारखेवार पाठ होत्या.

*

"पण काकू, तळ का फुगलाय? ट्रकमध्ये तर पाणी नव्हतं."

हे संध्याकाळी, कुंपणाशी. तिच्या हातात पुस्तकांच्या घोड्याची खालची पट्टी. कडा पावासारखी फुगलेली, वरचा चकचकीत पापुद्रा उकललेला.

मी विचारलं, "कोट्याला फरशी कसली होती?"

"कोट्याचीच. हिरवट दगड. रोज दोनदा पोछा."

"आणि कूलर कुठे होता?"

ती गप्प झाली. कूलर कपाटाच्या उजव्या अंगाला, चार महिने, दिवसरात्र. आणि उजवाच कोपरा आधी फुटला होता.

आता हे माझं स्वतःचं मत आहे, मिस्त्रीचं नाही: ह्या फर्निचरला ट्रकपेक्षा बादलीने जास्त मारलं आहे. लाकडाचे कण दाबून चपटे केलेले असतात. पाणी लागलं की ते आपल्या मूळ आकाराला परत फुलतात, आणि फुलताना सरसाची पकड तोडतात. वाळल्यावर पाणी जातं, फुगवटा जात नाही, पकडही परत येत नाही. वरून-खालून जो प्लॅस्टिकचा थर असतो त्यातून पाणी शिरत नाही. शिरतं ते कडेतून. दिसणाऱ्या कडेला कारखान्याने पट्टी चिकटवलेली असते, पण जमिनीवर टेकणारी कड बहुतेक वेळा उघडीच, कारण ती बघतो कोण? पोछ्याचं फडकं बघतं. मग बदली येते, फुगलेला तळ पायरीवर टेकतो, कोपरा बसतो आणि आपण हमालाला बोलतो. त्या बिचाऱ्या बड्ड्याने फक्त शेवटचा धक्का दिला.

"मग काय, फरशी पुसायची नाही?"

"पुसायची. कपाटाला बूट घालायचे." खाली अर्धा-पाऊण इंच उंचीचे प्लॅस्टिकचे पाय येतात, दहा-वीस रुपयाला एक. आणि उघड्या कडेला वॉर्निशचा किंवा फेविकॉलचा हात. तिने दुसऱ्याच दिवशी सोळा पाय आणवले. भाभीजी खालून ओरडल्या, "अरे, अलमारी को जूते पहना रही हो?" त्यांच्याकडे सगळं दिवाणखान्यातलं सामान सागवानी, अंगणातून आत आलं तेव्हापासून हललेलं नाही. न हलणाऱ्या घरातल्या माणसाला ह्या गोष्टी विनोदीच वाटणार.

*

मग एका दुपारी तिने आमचं कपाट पाहिलं.

कपाट म्हणजे खणांचं, कमरेच्या वर येणारं, सागवानी, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. 1948 साली सदर बाजारात, छावणीतले गोरे अधिकारी गेले तेव्हा त्यांचं सामान विकायला निघालं, त्यातून माझ्या सासऱ्यांनी घेतलं. सासरे गन कॅरेज फॅक्टरीत, पुढे हेही तिथेच. 1904 सालचा तो कारखाना, आणि त्याच्या इस्टेटीतली क्वार्टरं. बढती झाली, टाइप बदलला, की क्वार्टर बदलायचं. बदली नव्हे हो, पण बिऱ्हाड हलायचंच. सासूबाईंच्या आणि माझ्या कारकिर्दीत मिळून हे कपाट सात घरं फिरलं, आठवं हे तिलवाऱ्याचं.

"हे आणलंत कसं आत? की आधी कपाट ठेवून मग घर बांधलं?" तिने विचारलं.

मी काही बोलले नाही. वरच्या खणांचा टॉवेल-बस्कराचा पसारा काढला, दोन्ही बाजूंच्या पितळी कड्या उचलल्या आणि तिला म्हटलं, धर. आम्ही दोघींनी वरचं अर्धं कपाट उचलून बाजूला ठेवलं. खालचं अर्धं तिथेच. मधे चार बुटक्या लाकडी खुंट्या, वरच्याच्या पोटात चार खळगे. बस. स्क्रू नाही, काही नाही.

तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

साहेबाचं हे लष्करी फर्निचर. पलटण हलणार हे ठरलेलंच, म्हणून कपाट दोन तुकड्यांत, प्रत्येक तुकडा दोन माणसांना किंवा एका उंटाला पेलेल इतका. खणांच्या मुठी लाकडात बुडवलेल्या, म्हणजे दोरी अडकत नाही, कशाला ओरखडा येत नाही. खालचे पाय फिरवून काढायचे, आणि त्यांचे आटे मोठे, ठसठशीत. आणि कोपऱ्यांना पितळ शोभेसाठी नाही. आपटणार ते कोपरेच. आमच्याकडे एक खुर्चीही होती, रुडकी खुर्ची म्हणतात तिला, रुडकीच्या लष्करी इंजिनिअरांवरून. चार पाय, आडव्या दांड्या, किरमिजी कापड आणि चामड्याचे पट्टे. तिच्या पायांच्या सांध्यांत एकही स्क्रू नव्हता. दांडीचं निमुळतं टोक पायाच्या भोकात नुसतं सरकवायचं, माणूस बसला की त्याच्या वजनानेच सांधा आवळतो. अंगण कितीही खडबडीत असो, चारही पाय टेकायचे. सासूबाई तीत बसून तांदूळ निवडायच्या. 1997 च्या भूकंपात, 22 मेच्या पहाटे, लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आलं, चिनीमातीच्या बरण्या गेल्या, पण हे दोन तुकड्यांचं कपाट जागेवर होतं. खुर्ची मात्र पुढे नातवाने मोडली. त्याला साहेबाचं काही देणंघेणं नव्हतं.

"मग हे आणि माझं, दोन्ही उकलणारंच की," ती म्हणाली. "फरक काय?"

फरक असा, की हे ज्याला हलायचं होतं त्याच्यासाठी केलं आणि ते ज्याला विकायचं होतं त्याच्यासाठी. रागाने बोलत नाही मी. चपट्या खोक्याची गोष्ट मला ठाऊक आहे, ह्यांनी कुठेतरी वाचून मला सांगितली होती. स्वीडनमध्ये 1956 साली आयकियाचा एक कर्मचारी, गिलिस लुंडग्रेन, एक टेबल गाडीत मावेना म्हणून त्याचे पाय काढून बसला, आणि तिथून सगळं चपटं विकायची कल्पना धरली गेली. त्याच्याही आधी, 1859 साली, व्हिएन्नाच्या थोनेटने वाकवलेल्या लाकडाची खुर्ची काढली. सुट्या केल्या की छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत बसायच्या. केवढी हुशारी! पण दोन्हीकडे प्रश्न एकच होता: कारखान्यातून गिऱ्हाइकाच्या घरी स्वस्तात कसं न्यायचं. एकदा. घरी पोचलं, जोडलं, संपलं. तिथून पुन्हा उकलून इटारसी, हा प्रश्न त्यांना कुणी घातलाच नव्हता. म्हणून ते खोक्यातून येताना जितकं शहाणं असतं, तितकं खोक्यात परत जाताना राहत नाही.

मी एवढं बोलून गेले तेव्हा ती तिकडे लक्षच देत नव्हती. वरचं अर्धं कपाट पुन्हा खुंट्यांवर बसवून, पुन्हा उचलून बघत होती. "काकू, माझ्या कपाटाचे असे दोन करता येतील?"

*

हे मला सुचलं नसतं.

मिस्त्री परत आला. आधी त्याने मान हलवली. त्याचं म्हणणं, हे उकलूच नका, आहे तसं उभंच्या उभं न्या. पण तीन दारांचं कपाट आख्खं हलवणं म्हणजे काय ते त्यालाही ठाऊक. आठ-बाय-चारची 18 मिलिमीटरची एक फळी पस्तीस-छत्तीस किलो भरते. सगळं कपाट शंभराच्या पुढे. जिन्याच्या वळणावर ते फिरणार नाही, आणि फिरवायला जाल तर सगळा भार त्या पाच खळग्यांवर येणार.

मग दोघांची बराच वेळ पेन्सिल चालली, माझ्या गेल्या वर्षीच्या कालनिर्णयाच्या पाठीवर. ठरलं ते असं. तीन दारांच्या कपाटात चार उभ्या फळ्या असतात, दोन बाहेरच्या, दोन आतल्या. त्यातल्या एका आतल्या फळीशेजारी प्लायची आणखी एक उभी फळी घालायची, तळ आणि माथा तिथे कापायचा, की दोन दारांचं एक कपाट आणि एका दाराचं एक, अशी दोन स्वतंत्र खोकी होतात. दोन्ही एकमेकांना खेटून उभी करायची आणि मधल्या दोन फळ्यांतून आरपार चार नटबोल्ट. बोल्ट फळीत रुततच नाही, नुसता आरपार जातो, दोन्हीकडे वायसर. कितीदाही काढा. बदली आली की चार नट सोडायचे, बाकी कशाला हात लावायचा नाही.

पाच खळग्यांचं काम आधी. काडेपेटीच्या काड्या आणि फेविकॉल हा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो, तिच्या नवऱ्यानेही इटारसीला तोच केला होता. खऱ्या लाकडात तो चालतो. भुशात काड्या भरल्या तर भोकाच्या भिंतीच मऊ, काड्या धरणार कशाला? मिस्त्रीने भोक उलट मोठं केलं, कच्चं पीठ सगळं निघेपर्यंत, आणि त्यात सागाची गोल खुंटी फेविकॉल लावून ठोकली. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी त्या खुंटीच्या मधोमध नवं भोक. आता स्क्रू सागात आहे. मागची पातळ पाठ, तीही तीन मिलिमीटरची, आधीच्या जोडणाऱ्यांनी खिळ्यांनी ठोकलेली आणि दर बदलीला ओरबाडून काढलेली. तिच्या कडा कात्रणासारख्या झाल्या होत्या. कपाट डोलायचं ते ह्याच पाठीमुळे. चौकट काटकोनात धरून ठेवणं हे काम दिसायला बिनकामाच्या त्या पाठीचंच असतं. ती फेकून सहा मिलिमीटरच्या प्लायची पाठ लावली, स्क्रूने. कपाट डोलायचं थांबलं. तिने हात लावून पाहिला, मग खांदा लावून, मग पोरीला आत बसवून.

खर्च किती झाला ते तिने मला सांगितलं आणि आमच्या यांना सांगू नका म्हणाली, म्हणून तुम्हालाही सांगत नाही. नवीन स्वस्तातलं कपाट त्याच्या थोड्याच पुढे आलं असतं, एवढं मात्र खरं. टीव्हीचं युनिट मिस्त्रीने बघितलं आणि नुसतं बाजूला सारलं. टेबलाची चौकट लोखंडी, नटबोल्टवाली. तिला तीन बदल्यांत काहीच झालं नव्हतं, वरची फळी तेवढी बदलली.

*

जुलैअखेर पाऊस धरला. बर्गी धरणाचे दरवाजे उघडले की तिलवाऱ्याला आधी आवाज बदलतो, मग पाणी. घाट बुडाला, आणि रोज संध्याकाळी अर्धी गल्ली पाणी बघायला नदीवर. आम्हीही दोघी जायचो, छत्री एकच. 1939 च्या मार्चमध्ये ह्याच काठाला त्रिपुरी काँग्रेस भरली, सुभाषबाबू अध्यक्ष, आजारी, अंगात ताप. अधिवेशनासाठी विष्णुदत्तनगर नावाचं आख्खं गाव उभारलं होतं, आणि संपल्यावर उकलून नेलं. सासरे ते बघायला चालत आले होते. मी हे सांगितलं तर ती म्हणते, "उकललेले बांबू पुढे कुठे गेले असतील हो?" तिचं डोकं आता कशातही सांधाच शोधायला लागलं होतं. घाटावरच्या धर्मशाळेत चातुर्मासाला थांबलेले तीन परिक्रमावासी होते, त्यातले दोघे साताऱ्याकडचे. पाठीवर एक पडशी, हातात काठी आणि कमंडलू. तिने त्यांच्या पडशीकडे इतक्या हावरेपणाने पाहिलं की मलाच लाज वाटली.

दमटपणाने सगळ्या गल्लीतली दारं फुगली. माझ्या न्हाणीघराचं लागेना, भाभीजींचं सागवानी दिवाणखान्याचं उघडेना. तिचं कपाट बूट घालून उभं होतं, तीनही दारं फुलासारखी लागत होती. तिने मुद्दाम भाभीजींना वर बोलावून दाखवलं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात क्वार्टर मिळालं. ट्रक नाही, एक ‘छोटा हत्ती’ टेम्पो बोलावला, तीच चार पोरं. मी कुंपणाशी होतेच. तिने स्वतः चार नट सोडले, नट-वायसर एका जुन्या मोज्यात घालून मोज्याला गाठ मारली आणि मोजा आपल्या पर्समध्ये ठेवला. पोरांनी मोठं खोकं उभंच्या उभं जिन्यावरून आणलं. वळणावर कुणी बड्डे म्हणून ओरडलं नाही. मग छोटं आरशाचं खोकं. मग गाडी गेली.

दीड तासाने गाडी परत आली. छोटं खोकं घेऊन. मागे ती, रिक्षात, घामाघूम.

"काकू, तिथल्या झोपायच्या खोलीची भिंत पाच फुटांची निघाली. हो, मोजायचं राहिलं. दोन दारांचं बसलं, ह्याला जागाच नाही. पुढच्या बदलीपर्यंत तुमच्याकडे..."

तर आता ते एका दाराचं कपाट माझ्या पडवीत आहे, साहेबाच्या कपाटाच्या शेजारी. बूट घातलेले. आरशाचं तोंड कुंपणाकडे केलंय, म्हणजे पाठमोरी बसून तांदूळ निवडले तरी भाभीजींच्या वरच्या मजल्यावर आता कोण येतं ते मला दिसतं. मोजा तिच्याकडेच आहे.